फुलीचा माल

मी बोलिंगचा चेंडू बोलतोय. सेकंडचा, म्हणजे दुय्यम प्रतीचा. माझ्या अंगावर कंपनीच्या नावाशेजारी एक फुली कोरलेली आहे. तुम्ही आधी ती पाहिलीत आणि मग मला पाहिलंत, हे मला माहीत आहे. सगळे तसंच करतात. आता निदान ती फुली कशाची ते ऐकून घ्या.

माझा जन्म साच्यात झाला. आधी गाभा घातला जातो. गाभा म्हणजे चेंडूच्या पोटातला जड, बेढब गोळा. बाहेरून आम्ही सगळे सारखेच गोल असतो. कोण किती वळणार, हे मात्र आतला गाभा कसा बसलाय आणि भोकं कुठे पाडलीत यावर ठरतं. गाभ्याभोवती रंगीत राळ ओततात. ती घट्ट झाली की गाभ्याचं डोकं नेमकं कुठे आहे हे बाहेरून कळावं म्हणून त्या जागी वेगळ्या रंगाचा एक ठिपका भरतात. पुढे बोटांसाठी भोकं पाडणारा कारागीर तो ठिपका बघून मोजमाप घेतो. ठिपका हा आमचा पत्ता असतो म्हणा ना.

मी हिरवा, त्यात चंदेरी लाटा. माझा ठिपका पिवळा असायला हवा होता. पण भरणाऱ्या माणसाने शेजाऱ्याशी बोलता बोलता चुकीच्या डब्यात पळी बुडवली आणि ठिपका हिरवाच भरला. हिरव्यात हिरवा. चूक लक्षात आल्यावर त्याने घाईने पिवळा डबा उचलला आणि त्यातला एक थेंब माझ्या अंगावर भलतीकडेच सांडला. तो थेंब तिथेच सुकला. गोल, पिवळा, देखणा. माणूस म्हणाला, "जाऊ दे, पुढे बाई बघतील."

पुढे बाई होत्या. तपासनीस बाई. त्यांच्यासमोरून चेंडू एकामागून एक घरंगळत जायचे आणि त्या प्रत्येकाला दोन्ही हातांनी फिरवून बघायच्या. त्यांचं काम दोष शोधायचं होतं. दोष म्हणजे काय? रंग ठरल्याप्रमाणे मिसळला नाही, तर दोष. कंपनीचं नाव तिरकं कोरलं गेलं, तर दोष. कवचाला सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला, तर दोष. ठिपका ठरलेल्या जागेपासून लांब गेला, तर दोष. यातल्या बहुतेक गोष्टींनी चेंडूच्या धावण्यात काहीही फरक पडत नाही. बाईंना ते ठाऊक होतं. नवीन मुलींना त्या शिकवायच्या, "आपण रूप बघतो गं. पोट कुणी बघत नाही."

मला फिरवताना त्यांचा अंगठा पिवळ्या थेंबावर थांबला. "डाग," त्या म्हणाल्या आणि फुली मारली. संपलं. हिरवा ठिपका त्यांना दिसलाच नाही.

इथे माझी पहिली तक्रार आहे. फुली एकच असते. नाव तिरकं असलेल्याला तीच, खड्डा पडलेल्याला तीच आणि मलाही तीच. कुणाच्या हातून, काय आणि कसं बिघडलं हे फुली सांगत नाही. ती एवढंच सांगते की बिघडलंय, आणि ते सांगते ज्याचं बिघडलं त्याच्याच अंगावर. डबा चुकवणाऱ्या माणसाच्या कपाळावर कुणी काही कोरलं नाही. तो संध्याकाळी हात धुऊन घरी गेला.

मी एका बोलिंगच्या हॉलमधल्या दुकानात आलो. दुकान एका मिस्त्रीचं. चेंडू विकायचे, गिऱ्हाइकाच्या बोटांच्या मापाने भोकं पाडून द्यायची, हा त्याचा धंदा. डोक्यावर पाटी होती: 'इथे भोक चुकत नाही'. फर्स्टचा माल काचेच्या कपाटात, दिव्याखाली. आम्ही फुलीवाले खाली, दाराजवळच्या फळीवर. लोक बूट बदलताना आमच्यावर मोजे ठेवायचे.

तिथून मला काकूंनी उचललं.

काकू शाळेची बस चालवायच्या. शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये खेळायच्या. बसडेपोतल्या चौघांचा संघ होता आणि त्यात त्या पहिल्यापासून होत्या. बाकी आठवडाभर दुसऱ्यांच्या पोरांना "खाली बस, हात आत घे" म्हणण्यात त्यांचा आवाज जायचा. शनिवारी त्यांना कुणी ताई म्हणत नसे, कुणी मॅडम म्हणत नसे. पाटीवर गुणांसमोर त्यांचं नाव लागायचं. तेवढं एक त्यांचं स्वतःचं होतं.

आणि तेच आता जायची वेळ आली होती. संघाचा कॅप्टन डेपोतला मेकॅनिक. त्याच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि जावयाला बोलिंगचा नाद होता. कॅप्टनने जाहीर केलं, "यापुढे हॉलचे भाड्याचे चेंडू चालणार नाहीत. प्रत्येकाचा स्वतःचा पाहिजे, आणि तो वळला पाहिजे. सरळ चेंडूचे दिवस गेले, काकू. जमत नसेल तर सांगा, जावईबापू आहेतच."

म्हणून काकू दुकानात आल्या होत्या. काचेच्या कपाटापुढे उभ्या राहिल्या, किमती वाचल्या आणि दाराजवळच्या फळीकडे वळल्या.

"हा वळेल का हो, मिस्त्री?"

"न वळायला काय झालं? फुली रूपाची आहे, काकू. गुणाची नाही."

हे तो खरं बोलला. नंतर त्याने मला यंत्रात बसवलं, अंगावर पिवळा थेंब पाहिला आणि सगळी मापं त्या थेंबापासून घेतली. सवयीने. चांगल्या कारागिराच्या हाताला लागते तीच सवय. ठिपका पिवळा असतो, हा पिवळा आहे, म्हणजे हा ठिपका. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. मला तीन भोकं आहेत आणि ती तेव्हा पाडली जात होती.

परिणाम असा झाला की माझा गाभा नको त्या कुशीवर आला आणि मी वळेनासा झालो. अजिबात. काकूंनी मनगटाला कितीही पीळ दिला तरी मी नाकासमोर जायचो.

पहिल्या शनिवारी कॅप्टनने हे पाहिलं. इतरांचे चेंडू धावायच्या लाकडी पट्टीच्या कडेकडेने जायचे आणि शेवटी लाडात आल्यासारखे आत वळायचे. मी सोडल्या जागेवरून सरळ जाऊन टोकाला उभ्या दहा पिनांतल्या समोरच्या पिनेला भिडायचो.

"काकू, हा चेंडू आहे की तुमची बस?" कॅप्टन म्हणाला. जावईबापू हसले. सासऱ्याच्या विनोदाला जावई लग्नानंतर पहिलं वर्षभर हसतात, हे मी बऱ्याच संघांत पाहिलंय.

काकू मला घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्री म्हणाला, "भोक चुकलेलं नाही. पाटी वाचा. फुलीचा माल आहे, कारखान्याने काय घोळ घातलाय ते कारखान्याला विचारा." काकूंनी कारखान्याला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "फुली आहे ना, मॅडम? मग तो दोष आम्ही आधीच सांगितलेला आहे."

"कुठला दोष?"

"तो आम्ही सांगत नाही, मॅडम. आहे एवढंच सांगतो."

काकूंनी त्यानंतर दर सोमवारी फोन केला. पोरांना शाळेत सोडून, बस उभी करून, स्टिअरिंगवर कोपर टेकून. "चेंडू सदोष आहे, तो वळत नाही, मला बदलून द्या." मी शेजारच्या सीटवर पिशवीत असायचो. आपल्या तोंडावर आपली तक्रार ऐकणं फारसं सुखाचं नसतं. पण बाई भांडत होती, आणि गप्प बसलेल्यांपेक्षा मला भांडणारी माणसं बरी वाटतात.

घरी ताई असायच्या. काकूंच्या थोरल्या बहीण, तिथेच राहायच्या. त्या मला पाहुणा म्हणायच्या. "आला का पाहुणा? बसवा दाराशी. काम ना धाम, वजन मात्र बघा." असं म्हणत जुन्या टॉवेलने मला पुसायच्या मात्र त्याच.

दरम्यान एक गोष्ट घडली, ती आधी कुणाच्या लक्षात आली नाही. आमच्या हॉलच्या सामन्यांची एक पद्धत आहे. जोडीजोडीने खेळतात. एकाने पहिला चेंडू टाकायचा आणि जेवढ्या पिना उभ्या राहतील तेवढ्या दुसऱ्याने पाडायच्या. पहिला चेंडू टाकण्यात मान असतो. दुसरा टाकणं म्हणजे उरलंसुरलं गोळा करणं. संघातला चौथा गडी त्या मोसमात गुडघा धरून घरी बसला होता, त्याच्या जागी जावईबापू खेळत होते; कॅप्टनने पहिला चेंडू त्यांना दिला आणि काकूंना अर्थातच दुसरा. "उरलंसुरलं तुमचं, काकू. मोसम संपेपर्यंत. मग बघू." पुढे काय बघायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आता उरतं काय? नेहमी एकच. उजव्या कोपऱ्यातली शेवटची पिन. आणि वळणाऱ्या चेंडूंचं तिच्याशी वाकडं. ते तिच्याकडे मोठ्या ऐटीत निघतात आणि ऐन वेळी आत वळून तिला वाऱ्यावर सोडतात. मग टाकणारे कमरेतून तिच्या दिशेने वाकतात, एक पाय हवेत धरतात, हाताने ढकलल्यासारखं करतात. चेंडूला मागे डोळे असते तर त्याने ते पाहून काही केलं असतं की नाही, मला शंकाच आहे.

मी वळत नव्हतो. काकू मला कोपऱ्यावर सोडायच्या आणि मी कोपऱ्यावर जायचो. पिन पडायची. पुन्हा पडायची. मोसम अर्ध्यावर आला तरी पडतच होती. संघ वर चढायला लागला. कॅप्टन म्हणायचा, "नशीब आहे बुवा काकूंचं." नशीब! मी सरळ चाललो होतो आणि नाव झालं नशिबाचं.

काकूंना मात्र कळलं होतं. एका सोमवारी त्यांनी बस उभी केली, फोन हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात टाकला.

त्याच सुमारास ताई मला पुसता पुसता थांबल्या. मला खिडकीपाशी नेऊन तिरक्या उन्हात धरलं. "अगं ए, याला ठिपके दोन कसे? एक पिवळा, आणि हा बघ, हिरव्यात हिरवा. काचेसारखा लागतोय हाताला."

काकूंनी मिस्त्रीला दाखवलं. त्याने मला हातात घेतलं. हिरव्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग पिवळ्यावरून नखाने खरवडलं. पिवळ्याचा पापुद्रा निघाला. खाली नुसता हिरवा. डोक्यावर पाटी होती, आणि बूट बांधायला थांबलेली दोन गिऱ्हाइकं ऐकत होती.

"हिरवा तो रंगाचा डाग आहे," तो म्हणाला आणि मला काउंटरवर ठेवलं.

आधी त्याने डागाला ठिपका मानलं होतं. आता ठिपक्याला डाग म्हणाला. दोन्ही वेळा मी त्याच्या हातात होतो. पण पहिल्या वेळी त्याला ठाऊक नव्हतं.

मोसमाचा शेवटचा शनिवार आला. आमचा संघ वरच्या तीन संघांत होता. सामना सुरू व्हायला थोडा वेळ असताना हॉलमध्ये एक गृहस्थ शिरले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, एका हातात खोकं. कारखान्याचे साहेब. काकूंची तक्रार एका टेबलावरून दुसऱ्यावर घरंगळत अखेर मान्य झाली होती, आणि काकूंना ती नको झाल्यावर झाली होती.

साहेबांनी खोकं उघडलं. आत माझ्यासारखाच हिरवा, चंदेरी लाटांचा चेंडू. पिवळा ठिपका जागच्या जागी. फुली नाही.

"अभिनंदन, मॅडम. हा तुमचा. सदोष माल मात्र आमच्यासमोर कापावा लागतो. नियम आहे." ते मिस्त्रीकडे वळले. "करवत आहे ना?"

काकूंनी मला पिशवीसकट छातीशी धरलं. "मला बदलून नको."

"चेंडू सदोष आहे, ही तक्रार तुमचीच ना?"

"माझीच होती. त्यात दोष नाहीये."

"दर सोमवारी फोन करत होतात, मॅडम. आवाज ध्वनिमुद्रित आहे. 'हा भंगार चेंडू' असा शब्द आहे."

"रागात म्हणाले असेन. घरच्या माणसांनाही म्हणते."

"मला म्हणते," ताई बाकावरून म्हणाल्या. शेवटचा सामना म्हणून त्या आल्या होत्या.

"घ्या की काकू!" कॅप्टन मध्ये पडला. "नवा कोरा मिळतोय. वळेल झकास. लोक पाया पडून मागतात, तुम्ही भांडून नको म्हणताय."

"वळला की कोपऱ्यातली कोण पाडणार? तू?"

"जावईबापू पाडतील."

जावईबापू वाकून बुटाची नाडी बांधू लागले. आदल्या आठवड्यात त्यांनी कोपऱ्यातली तीनदा सोडली होती.

साहेबांनी हातातला मोबाइल काकूंपुढे धरला. "हे बघा. तक्रार मान्य झाली की मला कारण दाबावं लागतं. दोष कारखान्याचा, दोष वापरणाऱ्याचा, दोष भोकं पाडणाऱ्याचा. पहिलं दाबलं की नवा मिळतो आणि जुना कापतात."

"दोष नाही, असं कुठेय?"

"तसं नाहीये."

"का नाहीये?"

"दोष नसेल तर माणूस तक्रार का करेल?"

ही कारखान्याची तीच बुद्धी, जिने मला फुली मारली होती. तेव्हा डाग आहे म्हणून मी वाईट. आता मी चांगला आहे म्हणणाऱ्या बाईसाठी बटणच नाही.

"मग माझा दाबा," काकू म्हणाल्या. "वापरणारीचा."

"त्याला आपटल्याच्या खुणा लागतात, मॅडम. हा तर पुसून चकचकीत ठेवलाय." ताईंनी मान वळवली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मिस्त्री, घ्या कापायला."

मिस्त्रीने काकूंच्या हातातून मला काढून घेतलं. काकूंनी सोडलं, कारण साहेब, नियम आणि ओळखपत्र यांच्यापुढे माणसांचे हात आपोआप सैल होतात. त्याने मला यंत्राच्या पकडीत बसवलं. खडूने मधोमध रेघ मारली. ती रेघ बरोबर हिरव्या ठिपक्यावरून जात होती. करवत सुरू झाली. मला एवढंच वाटलं की आता माझं पोट दिसणार आणि ते पाहायला तपासनीस बाई इथे नाहीत.

मग करवत बंद झाली.

"तिसरं दाबा," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"भोकं पाडणाऱ्याचा दोष. पिवळा तो डाग होता. ठिपका हा आहे. मी डाग धरून मापं घेतली."

साहेब म्हणाले, "तुमच्या दुकानाच्या नावावर नोंद होईल. आणि मग आम्ही नवा देणार नाही. हा चेंडू यांच्याकडेच राहणार. बघा विचार करून."

"दाबा म्हटलं ना."

साहेबांनी दाबलं. नवा चेंडू खोक्यात गेला आणि खोकं साहेबांबरोबर गेलं. त्या नव्याच्या पोटात काय आहे, मला ठाऊक नाही. त्यालाही रूपावरूनच पास केलेलं.

ताईंचं म्हणणं असं की मिस्त्री बोलला कारण कापल्यावर आतला गाभा दिसलाच असता. पकडला जाण्याआधी सुटला, एवढंच. असेल. पण त्या बाकावर होत्या आणि मी करवतीखाली होतो. साहेबांना गाभा बघायचा नव्हता. ते तर मला कापून घड्याळ बघत निघून जाणार होते. हे मिस्त्रीलाही माहीत होतं.

त्याने खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली. मला काकूंना द्यायला लागला आणि थांबला. खणातून कोरायची सुई काढली आणि अंगठ्याच्या भोकाशेजारी एक बारीक फुली कोरली.

"ही कशाला आणखी?" काकूंनी विचारलं.

"ती त्यांची. ही माझी."

"आणि पाटी?"

त्याने वर पाहिलं. "खिळा गंजलाय. निघत नाही."

त्या दिवशी आम्ही तिसरे आलो. पहिले नाही. पण शेवटच्या फेरीत जावईबापूंच्या चेंडूने नऊ पाडल्या आणि कोपऱ्यातली तशीच उभी राहिली. जावईबापूंनी मागे वळून काकूंकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "काकू, तुमची." काकूंनी मला सोडलं. मी गेलो. बाकी सांगायची गरज नाही. कॅप्टनने खेळायचे बूट बदलता बदलता, खाली बघतच, पुढच्या मोसमाची नावं घेतली. "मी, जावईबापू, आपला कंडक्टर... आणि उरलंसुरलं काकूंचं." काकूंनी मला पिशवीत ठेवून चेन लावली.

त्याला आता बरेच मोसम झाले. काकूंनी बस सोडली, शनिवार सोडला नाही. माझी झळाळी गेली आहे. कवचात पट्टीवरचं तेल मुरलंय, चंदेरी लाटा आता राखाडी दिसतात. पिवळा थेंब पूर्ण उडाला. ज्या डागासाठी मला फुली मिळाली तो डागच उरला नाही, फुली मात्र आहे. जावईबापू आता सासऱ्याच्या विनोदाला हसत नाहीत. मी दाराशी बसतो. ताई अजून पुसतात, अजून पाहुणा म्हणतात.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. उद्या एखाद्या दुकानात, दाराजवळच्या फळीवर, मोज्यांखाली माझा एखादा भाऊ दिसला, तर आधी मोजे उचला. मग फुलीकडे बोट दाखवून दुकानदाराला विचारा: ही कुणाची? तो म्हणेल, चेंडूची. त्यावर गप्प बसू नका. चेंडू स्वतःच्या अंगावर स्वतः फुली मारत नाही. माझ्या अंगावरच्या दोन फुल्यांपैकी एकीचाच मालक स्वतःहून पुढे आला आहे, आणि ती फुली मला जड वाटत नाही.

दुसरीचा मालक अजून आलेला नाही. तो आला, किंवा आणखी कुणाला आपली मारून जायची असली, तर पत्ता सोपा आहे: शनिवारी संध्याकाळी, उजव्या कोपऱ्याच्या दिशेने. माझ्या अंगावर अजून पुष्कळ जागा आहे.